दहा मोजून दिवा

उद्या जाणार आहात ना त्या भीतीघरात? जा की. मी कोण अडवणार? तिकिटं काढून झाली, कोण कुणाचा हात धरणार तेही ठरलंय म्हणे. तुमच्या मामीने मला बजावलंय, पोरांच्या आनंदावर विरजण घालू नका. तर विरजण नाही घालत. एक झालेली गोष्ट सांगतो, ती ऐका आणि मग खुशाल जा. तो फोन तेवढा पालथा ठेव. आणि दाराजवळचा दिवा राहू दे चालू. अंधारात बसून भुताच्या गोष्टी सांगायचं माझं वय राहिलं नाही. यायचं असेल त्याने उजेडात यावं.

माझा साडू तुम्हाला धड आठवत नसेल. मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उंच, जरा पोक काढून चालणारा. लग्नाचे फोटो काढायचा. सगळं खानदान ओळीने उभं, लहान पोरं रडकुंडीला आलेली, नवरीच्या पायाला कळ लागलेली, आणि हा गुडघ्यावर बसून म्हणणार, "छान! थांबा थांबा, आणखी एक." शेवटी लोकांनी त्याचं नावच 'आणखीएक' पाडलं. "आणखीएक आलाय, आता जेवण दोन तासांनी," असं पाहुणे म्हणायचे. त्याला राग यायचा नाही. मला म्हणायचा, "साडूभाऊ, फोटोला उभा राहिलेला माणूस खोटा असतो. फोटो झाला असं वाटलं, की खरा होतो. तो खरा माणूस माझ्या आणखी एकमध्ये येतो." आणि मनासारखा फोटो आला की हसायचा. आवाज नाही, नुसता चेहरा उजळायचा. चांगला फोटोग्राफर होता, खोटं कशाला बोलू.

पुढे फोनमध्ये कॅमेरे आले आणि आमच्या धंद्याचे बारा वाजले. मी पासपोर्ट फोटो आणि फ्रेमा करून तग धरला. त्याचं दुकान गेलं. वर्षभर घरी बसला. मग एका सकाळी माझ्याकडे ट्रायपॉड मागायला आला. मी विचारलं, "कुणाचं लग्न?" म्हणाला, "लग्न नाही. भुतांकडे लागलोय कामाला."

गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागून गाद्यांचा एक बंद कारखाना होता. तो कुणीतरी घेतला आणि आत भीतीघर केलं. काळ्या कापडाच्या भिंती, अरुंद बोळ, सात वळणं. सहा-सहा जणांना आत सोडायचे. सातव्या वळणावर एक कपाट होतं. कपाटातून पांढऱ्या झग्यातली बाई झेप घ्यायची. बाई कसली, बाप्याच तो. दिवसा शिवणकाम करायचा, घरी दोन मुली, आणि स्वतः झुरळाला घाबरायचा. कपाटाच्या समोरच्या भिंतीत, पुस्तकाएवढी एक खिडकी होती. तिच्यामागे प्लायवूडचं खोपटं. एक माणूस गुडघे मुडपून बसेल एवढंच. तिथे माझा साडू.

कॅमेरा अंधारात बघणारा होता. फ्लॅश नाही, काही नाही. आतल्यांना पांढरा झगा सोडला तर डोळ्यापुढचं बोट दिसत नसे, याला मात्र छोट्या स्क्रीनवर सगळं हिरवट हिरवट दिसायचं. बाई झेपावली की हा खटका दाबणार. बाहेर पडायच्या दाराशी मोठ्या पडद्यावर फोटो लागायचे, लोक आपापले चेहरे बघून पोट धरून हसायचे आणि प्रत घरी न्यायचे. पहिल्याच महिन्यात त्याचा हात बसला. मला येऊन सांगायचा. एक पैलवान गडी आला होता, मानेएवढे दंड. बाई दिसताच त्याने काय करावं? सासूला उचलून पुढे धरलं आणि तिच्यामागे लपला. सासूने त्या फोटोच्या तीन प्रती घेतल्या. आम्ही दोघं हसून हसून लोळलो होतो.

पण एकदा तो जरा वेगळंच बोलला. म्हणाला, "साडूभाऊ, लग्नात मी दिवसभर धडपडायचो तेव्हा एखादा खरा चेहरा मिळायचा. इथे रोज दोनशे मिळतात." तेव्हा मला कौतुक वाटलं. आता अंगावर काटा येतो.

तिथे एक नियम होता. दारात मोठ्याने वाचून दाखवायचे. कुणाला सोसवेनासं झालं, छातीत कसंतरी झालं, तर दोन्ही हात डोक्याच्या वर करून उभं राहायचं. लगेच दिवे लागतील. सातव्या वळणावर हे दिवे लावायचं काम साडूकडे होतं, कारण अंधारात बघू शकणारा तो एकटाच. त्याच्या उजव्या गुडघ्याशी पांढरं बटण होतं. दाबलं की बोळ लख्ख.

आता होतं काय, की पोरं मस्तीत हात वर करायची. कुणी फोटोसाठी करायचं. दिवे लागले की पांढरी बाई हातात झग्याचा घोळ धरून उभी दिसायची, पायात निळी स्लिपर. सगळा पोपट. मालक वैतागला. त्याने आतल्या माणसांना वेगळा नियम सांगितला. हात वर दिसले, की दहा मोजायचे. मस्ती असेल तर दहापर्यंत हात खाली येतात. दहानंतरही वर असतील, तरच दिवा.

दहा मोजायचे. हा नियम दारात कुणी वाचून दाखवत नव्हतं.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरची अठरा तारीख, शुक्रवार. रात्रीचे आठ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. वेळ मला पाठ आहे, कारण तिथे प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात छापून येते.

त्या वेळच्या सहा जणांत चार कॉलेजची मुलं होती आणि एक वयस्क जोडपं. नवरा पोस्टमन, नुकताच निवृत्त झालेला. येण्याची हौस बाईंची. रांगेत नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "पस्तीस वर्षं तुमच्या रागाला घाबरले, आज जरा दुसऱ्या कुणाला घाबरते." रांगेतले सगळे हसले. पोस्टमनसुद्धा हसला. आत जाताना त्याने बायकोचा हात धरला होता.

सातवं वळण. मुलं पुढे, हे दोघं मागे. पांढरी बाई झेपावली. मुलं किंचाळत पळाली. आणि पोस्टमनही पळाला. हात सोडून. अहो, घाबरला माणूस, पळाला. त्यात काय. तुम्हीही पळाल उद्या, तेव्हा बघू कोण कुणाचा हात धरतंय ते. पांढरी बाई परत कपाटात गेली, पुढच्या टोळीसाठी. दार लावून घेतलं. बोळात त्या बाई एकट्या राहिल्या.

त्यांनी दोन्ही हात वर केले.

साडूने स्क्रीनवर पाहिलं. चेहरा असा... म्हणाला, असा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. बोट खटक्यावर ठेवलं. आणि मोजायला लागला. एक. खटका. दोन. खटका. मोजताना हात रिकामा का ठेवायचा? तिसऱ्या अंकाला त्या बाईंनी कपाटाकडे बघणं सोडलं. त्या खिडकीकडे बघायला लागल्या. नेमक्या त्याच्याकडे. चार. पाच. हात वरच. सहा...

दहा मोजायला किती वेळ लागतो, मोजून बघा. नाही, मनात नको. मोठ्याने. आणि हात वर धर, भाचीबाई, तू. हं, बस. खाली घे. लांबतं की नाही?

दहा झाले. हात अजून वर होते. त्याचं बोट बटणाकडे जायला हवं होतं.

त्याने आणखी एक काढला.

मग दिवा लावला. तोवर त्या खाली पडल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, लगेच गेल्या, कुणी काही करू शकलं नसतं. पोलीस आले, कागद झाले, भीतीघर पाच दिवस बंद. मालकाने साडूला बाजूला घेऊन सांगितलं, ते फोटो पुसून टाक. याने पुसले. अकराच्या अकरा.

त्या रात्री एक वाजता तो माझ्याकडे आला. मामी आत झोपली होती. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. त्याने पाण्याचा ग्लास हातात धरला तो तसाच धरून ठेवला, प्यायला नाही. सगळं सांगितलं. मी म्हणालो, "नियम मालकाचा. तू दहा मोजलेस. तुझा काय दोष?"

"नियम दहाचा होता," तो म्हणाला. "मी अकरा काढले."

"एका फोटोने काय फरक पडतो?"

"मी हसत होतो, साडूभाऊ. फोटो चांगला येत होता ना... माझ्या तोंडावर स्क्रीनचा उजेड असतो. त्या बघत होत्या."

मी त्याच्या हातातला ग्लास काढून खाली ठेवला. मग मोठेपणाने बोललो. वयाने मोठं असलं की माणसाला वाटतं, आपल्याला काहीतरी बोललंच पाहिजे. मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी पाहिलं नाही, फोटो राहिले नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलंय. तू तोंड उघडलंस तर मालक हात झटकेल आणि तू आत जाशील. बायकोचा विचार कर. गप्प राहा." हे मी सांगितलं. मी. तुमचा मामा. लोकांना मी शहाणा वाटतो.

चौथ्या दिवशी पोस्टमन भीतीघराच्या फाटकाशी आला. साडू आतली सफाई करून बाहेर पडत होता. हाच फोटोग्राफर, हे पोस्टमनला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस अगदी जवळ आला तरी नुसता आकार दिसायचा. साडूच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "तिचा शेवटचा फोटो असेल ना तुमच्याकडे? कसाही चालेल."

साडू म्हणाला, "मशीन बंद होतं त्या वेळी."

"बरं." पोस्टमन जायला वळला, परत आला. "एक विचारू? तुम्ही तिथेच होतात म्हणून. तिने मला हाक मारली होती का हो? मी पळालो ना... मला वाटतं, तिने हाक मारली आणि मी थांबलो नाही. रात्री मला ऐकू येते ती हाक."

पोरांनो, हाक मारलीच नव्हती. हात वर केले होते, आणि ते साडूसाठी केले होते. तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर तो म्हातारा सुटला असता. दोष ज्याचा त्याच्या पदरात पडला असता. साडूला ते कळत होतं. मलाही कळत होतं, कारण त्याने मला ते त्याच संध्याकाळी सांगितलं. मी म्हणालो, "काळच औषध असतो. विसरेल म्हातारा."

चोवीस तारखेला भीतीघर पुन्हा सुरू झालं. पहिल्यापेक्षा जास्त गर्दी. खरंखुरं मेलंय कुणीतरी म्हटल्यावर लोकांना अजून मजा. रांगेत बायका लेकरांना दाखवत होत्या, इथेच हो, आत.

आठ वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली तेव्हा एक टोळी बाहेर पडली होती, दुसरी आत यायची होती. बोळ रिकामा. साडूचे हात मांडीवर होते. कॅमेऱ्याचा खटका पडला.

खट्.

स्क्रीनवर त्या बाई आल्या. हात अर्धवट वर. तो पुसलेला पहिला फोटो होता. त्याने खिडकीतून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं.

त्याला वाटलं, मशीनच्या पोटात काहीतरी राहिलं असेल. नवीन कार्ड घातलं. दुसऱ्या रात्री, त्याच मिनिटाला... खट्. दुसरा फोटो. हात पूर्ण वर. तिसऱ्या रात्री त्याने कॅमेऱ्याची बॅटरीच काढून ठेवली. खटका पडला. तिसरा. आता त्या खिडकीकडे बघत होत्या.

शिवणकामवाल्याला विचारलं, तुला बोळात काही दिसलं का? तो म्हणाला, मला कपाटात काय दिसणार, मी आतून कडी लावून बसतो हल्ली.

रोज एक. क्रमाने. साडू प्रत्येकाची प्रत काढायचा आणि पाकिटात ठेवायचा. का, ते त्याला सांगता येईना. म्हणाला, "पुसायचं धाडस होत नाही. एकदा पुसून बघितलं ना." जेवण गेलं त्याचं. बायको विचारायची, काय होतंय, तर म्हणायचा, पित्त झालंय. दहाव्या रात्री त्याने मला फोन केला. आवाज ओळखू येईना. म्हणाला, "मी जाऊन सांगतो त्यांना. पाकीट देतो आणि सांगतो. त्या माझ्याकडूनच काहीतरी मागताहेत."

मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "वेडा आहेस का? अकराच होते ना सगळे? मग दहा झाले. आणखी एक. तो आला की संपेल."

त्याने फोन ठेवला.

चार डिसेंबरला, रविवारी, अकरावा आला. मी तो पाहिलाय, त्याच रात्री त्याने आणून दाखवला. नको, वर्णन नाही करत. हात वरच होते, एवढं सांगतो. हातांना कंप आलेला होता, त्यामुळे बोटं धुरकट आली होती. पण डोळे स्पष्ट होते.

पाच तारखेला त्याने माझं न ऐकायचं ठरवलं. आयुष्यात एकदाच ठरवलं. सुट्टी टाकली, पाकीट घेतलं आणि संध्याकाळी पोस्टमनच्या घरी गेला.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग, दोन खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल. टीव्हीवर बाईंचा चष्मा तसाच, घडी न केलेला. पोस्टमनला आनंद झाला कुणी आल्याचा. चाचपडत चहा केला. साडू उठायला लागला तर म्हणाला, "बसा हो, मला हाताला सगळं सापडतं. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं गेल्या महिन्यात, पण मग ही गेली. नंतर महिनाभर थेंब घालावे लागतात म्हणे, वेळेवर. कोण घालणार?"

साडूने पाकीट मांडीवर ठेवलं. म्हणाला, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"सांगा की."

चहा झाला. साडू म्हणाला, पंखा आवाज करतोय तुमचा. पोस्टमन म्हणाला, हो, जुना झालाय. साडूने पाकिटाची कड उघडली, मिटली. असा तास गेला. तुम्हाला हसू येईल, पण एक वाक्य बोलायला माणसाला तास पुरत नाही कधीकधी. मला तीन वर्षं लागली.

शेवटी त्याने तोंड उघडलं. "काका, त्या रात्री त्यांनी..."

दाराशी सरपटल्यासारखा आवाज झाला.

पोस्टमनने मान वळवली. "टपाल," म्हणाला. "दाराखालून सरकवलेलं टपाल मला झोपेतही ओळखू येतं. पण या वेळी? बघा बरं काय आहे."

साडूने दार उघडलं. जिना रिकामा. खालच्या मजल्यापर्यंत दिवा लागलेला, कुणी नाही. पावलं नाहीत. पायाशी एक फोटो पडला होता, पालथा. त्याने उचलला. कागद गरम होता. मशीनमधून आत्ता निघाल्यासारखा. त्याने घड्याळ पाहिलं. आठ अठ्ठेचाळीस.

सुलटा केला.

हा फोटो त्याने काढलेला नव्हता. कुणीच काढलेला असू शकत नव्हता. त्या बोळात, बाई उभ्या होत्या त्या जागी, कॅमेरा नव्हताच कधी. काळी भिंत. भिंतीत पुस्तकाएवढी खिडकी. आणि खिडकीत, हिरवट उजेडात, त्याचा स्वतःचा चेहरा...

हसणारा.

त्यांना शेवटचं जे दिसलं, ते.

"फोटो आहे का?" मागून आवाज आला. पोस्टमन उठून जवळ आला होता. हात पुढे केला, बोटांनी कागद चाचपला. "फोटोच आहे. तिचा आहे? पाठवला भीतीघरवाल्यांनी?"

साडूने कागद सोडून दिला.

"हो."

"मला नुसतं धुकं दिसतंय. सांगा ना. कशी दिसतेय?"

मुलांनो, दार उघडं होतं. पाकीट काखेत होतं. म्हातारा कान देऊन उभा होता. इतकी सोपी वेळ पुन्हा कुणाला मिळत नाही...

साडू म्हणाला, "हसताहेत."

पोस्टमनने फोटो छातीशी धरला. मग पलंगावर बसला आणि हळूच म्हणाला, "मी पळालो, त्याला हसली असेल. माझी फजिती बघत होती आणि मी..." डोळे गळायला लागले, आणि त्याने ते पुसलेही नाहीत. साडू तसाच पायऱ्या उतरला. पाकीट वाटेत फाडून गटारात टाकलं आणि मला येऊन सगळं सांगितलं. नोकरी सोडली. आता दूर कुठेतरी गोदामात रात्रीचा पहारा करतो. मागे नात्यात एक वाढदिवस होता, सगळे फोटोला उभे राहिले, तर हा उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती चवीने सांगितली असती. भिऊन झोपला असतात आणि सकाळी विसरला असतात.

पण जानेवारीत, संध्याकाळच्या वेळी, माझ्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले. भिंत धरत धरत. मी कुणाचा कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फ्रेमवाला म्हणून कुणीतरी पाठवलं होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "माझ्या बायकोचा शेवटचा आहे. जपून करा. मला दिसत नाही, पण हसतेय म्हणतात. तुम्ही बघा ना जरा. हसतेय ना?"

मी वर्तमानपत्र उलगडलं. साडूचा चेहरा समोर होता.

पोरांनो, त्या माणसाला मी काही लागत नव्हतो. मला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं. साडू गाव सोडून गेला होता. भीती कशाची, सांगा? काही नाही. मी फोटोकडे बघितलं, त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "छान हसताहेत."

ते आभार मानून गेले.

रात्री शटर अर्धं ओढून फ्रेम करायला बसलो. काच पुसली. फोटो टेबलावर सपाट धरला, वरचा दिवा खाली ओढला. साडूच्या मागचा काळोख आहे ना, तो सगळा काळा नाही, असं वाटलं. भिंग घेतलं.

त्या खोपट्यात दुसरा माणूस मावत नव्हता. हे मला साडूने पन्नासदा सांगितलं होतं.

मागे कुणीतरी उभं होतं.

एक हात साडूच्या खांद्यावर... दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर. गप्प, असं. चेहरा अंधुक. पण चष्म्याची डावी काडी सेलोटेपने चिकटवलेली. त्या नोव्हेंबरात माझ्याच चष्म्याची मोडली होती.

अठरा तारखेला, आठ अठ्ठेचाळीसला, मी दुकानात होतो. एका मुलीचे पासपोर्ट फोटो कापत होतो. साडूला गप्प राहा म्हणून सांगितलं ते रात्री एकला, आमच्या स्वयंपाकघरात. त्या भीतीघरात मी त्याआधी पाऊल ठेवलं नव्हतं. नंतरही नाही.

फ्रेम मी करून दिली. त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर, मीच खिळा ठोकून लावली. तो फोटो अजून तिथेच आहे.